श्वासाचं पाणी

त्या उन्हाळ्यात मी लातूरला लोकांचा श्वास गोळा करायचं काम करत होते. असं सांगितलं की लोकांना वाटायचं, मी चेष्टा करतेय. माझ्या वडिलांना तर ते शेवटपर्यंत नीट पटलं नाही. ते मुदखेड स्टेशनवर पॉइंट्समन होते. गाड्यांचे रूळ बदलण्यात त्यांचं आयुष्य गेलं. जे हाताला लागतं, कानाला ऐकू येतं, त्यावर त्यांचा भरवसा. रविवारी फोन केला की विचारायचे, "काय, किती श्वास जमा झाला?" आणि आपणच हसायचे.

पण काम खरोखर तेच होतं. नांदेडला शिकून मी काही वर्षं थुंकी तपासायच्या लॅबमध्ये होते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून क्षयाचे जंतू शोधायचे. पुढं लातूरच्या एका छातीच्या डॉक्टर मॅडमनी डाळ मिलमधल्या कामगारांच्या फुफ्फुसांचा अभ्यास हाती घेतला आणि मला बोलावून घेतलं. त्यांच्याकडं दोन यंत्रं होती. दोन्हींना ना सुई लागायची, ना रक्त. माणसानं फक्त श्वास सोडायचा.

पहिलं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. खोल श्वास घ्यायचा आणि एका लयीत, सावकाश, नळीत सोडायचा. पडद्यावर एक पांढरा ढग दिसायचा. जोरात फुंकलं की ढग वर पळायचा, फुंकर कमी पडली की खाली यायचा. तो मधोमध धरून ठेवला की यंत्र आकडा द्यायचं. श्वासनळ्या आतून सुजलेल्या असल्या की श्वासात एक वायू जास्त येतो. त्याचा तो आकडा. हिरवा, पिवळा किंवा लाल. दुसरं यंत्र म्हणजे एक काचेची नळी, तिच्याभोवती बर्फासारखं गार आवरण. तिच्यात बराच वेळ साधा, नेहमीचा श्वास सोडत बसायचं. श्वासातली वाफ गार होऊन नळीच्या तळाशी पाण्याचे थेंब जमायचे. त्या थेंबांत फुफ्फुसाच्या आतल्या गोष्टी विरघळलेल्या असतात. ते थेंब गोठवून मोठ्या लॅबमध्ये पाठवायचे.

आणि हे सगळं अशा वर्षी, की लातूरच्या नळांना पाणी येत नव्हतं. धरण कोरडं पडलं होतं. गल्ल्यागल्ल्यांतून निळ्या टाक्या, हिरव्या घागरी, तेलाचे रिकामे डबे रांगा धरून बसलेले असायचे, माणसं सावलीला. शेवटी रेल्वेनं पाणी आलं. वडील फोनवर म्हणाले, "कोळसा जाताना पाहिला, खत पाहिलं, केळी पाहिली. पाण्याची गाडी नव्हती पाहिली बाई कधी."

मिलच्या मालकानं आम्हाला गोदामामागची एक खोली दिली होती. वर पत्रे. पत्र्याला बारीक भोकं पडलेली, त्यातून उन्हाचे धागे खाली आलेले आणि त्या धाग्यांत तुरीची पिवळी धूळ तरंगायची. कधी खाली बसायची नाही. पलीकडं मिल चालू असायची, तिचा आवाज भिंतीतून गाळून यायचा, लांबून जाणाऱ्या मालगाडीसारखा. कामगार एकेक करून आत यायचा, तोंडावरचं फडकं सोडायचा, स्टुलावर बसायचा, नळी तोंडात धरायचा. मग बोलणं बंद. नुसता श्वास. समोरचा माणूस हळूहळू सैल पडत जायचा, डोळे मिटायचे. त्याच्या श्वासाबरोबर माझाही श्वास चालायला लागायचा, आणि मी जागी आहे की नाही हे माझं मलाच कळायचं नाही. मुदखेडचा फलाट दिसायचा, पहाटेच्या गाडीनं जाणाऱ्या फुलांच्या टोपल्या, ओल्या फडक्यांनी झाकलेल्या. नळीत टप्पकन थेंब पडला की मी परत यायचे.

पोती उचलणारा एक हमाल एकदा नळी काढून ठेवत म्हणाला, "ताई, बसल्या बसल्या म्या आमच्या गावच्या विहिरीत पोहून आलो बघा." मी विचारलं, "पाणी होतं का?" तर म्हणाला, "काठोकाठ."

त्या खोलीत एकदा एक बाई आली. पन्नाशीच्या आसपासची, उंच, वाळकी. चाळणीपाशी काम करायची, म्हणजे मिलमधली सगळ्यात जास्त धूळ तिच्या वाट्याला. आत आली पण स्टुलावर बसेना. दारापाशीच भिंतीला टेकून, तोंड बाजूला वळवून उभी राहिली.

"या ना मावशी."

"तुमी जरा लांब सरका, मंग बसते."

मला वाटलं ती लाजतेय. मी सरकले. तिनं नळी हातात घेतली आणि विचारलं, "ह्या मशीनला कळतं का, कुणाचा श्वास दुसऱ्याला बाधंल ते?"

हळूहळू तिनं सगळं सांगितलं. नवरा क्षयानं गेला. त्याचं सगळं तिनंच केलं होतं. तो गेल्यावर तिला खोकला लागला, तिलाही क्षयाची औषधं दिली, तिनं ती पुरी घेतली. खोकला मात्र गेला नाही. नंतर जेवढ्या वेळा थुंकी तपासली तेवढ्या वेळा त्यात काही निघालं नाही, छातीचा फोटोही साफ. पण तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. आपल्या श्वासात नवऱ्याचं दुखणं आहे. मुलाचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, ती आता दुडुदुडू चालायला लागली होती. हिनं तिला एकदाही उचललं नव्हतं. खोलीच्या बाहेर पडवीत वेगळं झोपायचं, वेगळं जेवायचं.

"घरचे म्हणतात का तसं राहा म्हणून?"

"न्हाई. ते कशाला म्हणतील? मला कळत न्हाई का? माझा श्वास चांगला न्हाई."

मग ती नळी धरून बसली. सगळ्यांसारखी सैल पडली नाही, ताठ बसून राहिली. शेवटी मी तिला नळी उजेडात धरून दाखवली. तळाशी चमचाभरही नसेल, पण स्वच्छ पाणी होतं. ती ते खूप वेळ बघत राहिली.

"हे माझ्यातून आलं?"

"हो."

"इतकं नितळ?"

त्या दोन शब्दांनंतर मी ढगाचं यंत्र पुढं केलं. चार वेळा ढग पळाला, पाचव्यांदा तिनं तो धरला. आकडा आला लाल.

मॅडम त्या दिवशी मिलमध्येच होत्या. त्यांनी तिला समोर बसवून नीट सांगितलं. क्षय नाही. धुळीनं श्वासनळ्या सुजल्यात, हा दमा आहे, दम्याचा संसर्ग होत नाही, ओढायचं औषध मिळेल, आराम पडेल. बाई मान हलवत होती. मला वाटलं, तिला कळलं. पण तिची नजर यंत्रावरच होती.

तिसऱ्या दिवशी तिची सून मला शोधत मिलमध्ये आली. कडेवर मुलगी. "ताई, आत्याबाई गेल्या. भावाकडं, उदगीरकडं. म्हणल्या, मशीननं लाल दाखवलं, इख हाय माझ्यात, आता ह्या घरात राहणार न्हाई." बोलता बोलता तिला रडू आलं. "आम्ही कधी काही म्हणलो न्हाव हो त्यांना. ही पोरगी लांबून हात करती, त्या तोंड फिरवतात."

मॅडमनी ऐकून घेतलं. "रंगापुढं माझं बोलणं टिकलं नाही," म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तू जा. यंत्र ने, औषध ने. आता ती माझ्यापेक्षा तुझं ऐकेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांडीवर यंत्र घेऊन एस.टी.त बसले. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली रानं. उन्हाची झळ अशी की रस्ता पुढं सतत पाण्यासारखा चमकायचा आणि गाडी जवळ गेली की विझायचा. माझा डोळा लागत होता, उघडत होता. किती गावं गेली ते कळलं नाही.

तिचा भाऊ बोर्ड रंगवणारा पेंटर होता. त्याचं घर शोधायला वेळ लागला नाही, कारण गावातल्या प्रत्येक दुकानाच्या पाटीवर त्याचं अक्षर होतं आणि प्रत्येक पाटीच्या खाली लिहिलं होतं: जि. उदगीर. मी चक्रावून विचारलं, उदगीर तर अजून तालुकाच आहे ना, तर म्हणाला, "होणार हाय की जिल्हा. आज न्हाई तर उद्या. मागून पुसत बसायचं काहून?" त्यानं मला सावलीत बसवलं, पंख्याचं तोंड माझ्याकडं केलं. मी कशाला आले ते ऐकल्यावर यंत्र हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "जिल्हा झाला की सिव्हिल दवाखाना हितंच येणार. मंग असली मशीनं आमच्याकडंच ऱ्हातील. लोकायला लातूरला जायची गरज न्हाई." त्याच्या डोळ्यांपुढं तो दवाखाना उभा होता, खिडक्या-दारांसकट. मग आवाज खाली करून म्हणाला, "ताई मागं लिंबाखाली बसल्यात. आत या म्हणलं तर येत न्हाईत."

ती खरंच तिथं होती. लिंबाखाली बाज, बाजेच्या पायथ्याशी तिची वेगळी घागर आणि घागरीवर पालथा घातलेला स्टीलचा गिलास. कुणी चुकून घेऊ नये म्हणून गिलासाच्या गळ्याला तिनं दोरा बांधला होता.

त्या गिलासाकडं बघून मला एक जुनी कपबशी आठवली. माझे आजोबा उमरीकडच्या एका गावचे. आम्ही बौद्ध झालो त्याच्या आधीची गोष्ट वडिलांनी मला एकदाच सांगितली होती. हॉटेलच्या वळचणीला आजोबांसारख्यांसाठी एक वेगळी कपबशी असायची. आपणच घ्यायची, पिऊन झाल्यावर आपणच विसळून ठेवायची. ती कपबशी दुसऱ्यांनी वेगळी केली होती. हा गिलास या बाईनं स्वतःच स्वतःसाठी वेगळा केला होता. पण दोन्हीच्या मागं गोष्ट एकच होती, की माणूस बाटवतो.

"मावशी, पाणी द्या."

"भाऊ, ताईला पाणी आण," ती घाईनं म्हणाली.

"भाऊंना कशाला? हेच द्या."

"न्हाई न्हाई, ह्यातलं नगं."

मी वाकले, तिचा गिलास उचलला, घागरीत बुडवला आणि प्याले. टँकरचं पाणी, कोमट, थोडं मचूळ. ती उठून उभी राहिली होती. "काय केलं ताई? काय केलं हो हे तुमी?" भाऊ दारात येऊन थांबला.

मी बाजेवर बसले. यंत्र चालू केलं, नळी तोंडाला लावली. माझाही ढग सुरुवातीला डगमगला. मग मधोमध आला आणि थांबला. आकडा लाल. मला ते आधीच माहीत होतं. मिलच्या धुळीत महिनाभर काढल्यावर दुसरं काय येणार?

"तुमचा बी लाल?"

"लहानपणापासून. आमच्या स्टेशनवर फुलांच्या टोपल्या आल्या की माझी छाती वाजायची. आई म्हणायची, चारचौघांत पंप काढू नको, लोक काय म्हणतील." मी पर्समधून माझा दम्याचा पंप काढला आणि बाजेवर ठेवला. "हा लाल रंग जंतूंचा नाही, मावशी. जंतू कसे दिसतात ते मी वर्षानुवर्षं बघितलंय. ते थुंकीत सापडतात, आणि तुमच्या थुंकीत ते नाहीत. हा रंग सुजेचा आहे. माझ्या नळ्या सुजल्यात, तशाच तुमच्या. मी अजून आईच्या ताटात जेवते, तिच्याजवळ झोपते."

"मंग तुमच्या आईला झालं न्हाई?"

"काहीच नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. लिंबाची पिकली पानं मधूनच गिरक्या घेत खाली यायची. तिनं खाली बसून तो गिलास उचलला, हातात फिरवला. "त्यायचं आजारपण काढलं ना म्या," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "ते गेले, तव्हा त्यायचं तोंड माझ्या खांद्यावर होतं. शेवटचा श्वास माझ्यातच गेला असं वाटून राहिलं."

मी तिच्यासाठी आणलेलं औषध पिशवीतून काढलं. ती म्हणाली, "दावा. कसं ओढायचं ते."

मी तिला तिचा नवा पंप दिला. आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबायचं आणि ओढायचं, मग आत धरून ठेवायचं. ती डोळे मिटून श्वास धरून बसली तेव्हा तिचा चेहरा इतका शांत झाला, की मला वाटलं आता ही सोडणारच नाही. मग सोडला. "गोड लागतं," म्हणाली.

भावानं मला एस.टी.त बसवून दिलं. काही दिवसांनी त्यानंच तिला लातूरला आणून सोडलं. मॅडम मिलच्या मालकाशी बोलल्या, त्यानं तिला चाळणीवरून काढून पोती शिवण्याच्या कामावर घेतलं. मी तिचा श्वास मोजत राहिले. आकडा सावकाश उतरत होता. लालचा पिवळा झाला. ती रात्रीची झोपायला लागली, जिना चढताना थांबेनाशी झाली. पण नातीला मात्र ती अजून हात लावत नव्हती. "होईल," एवढंच म्हणायची. आता तिच्या बोलण्यात भीती नव्हती, सवय उरली होती, आणि सवयीवर मॅडमच्या खोक्यातही औषध नव्हतं.

एकदा मी थेंबांची नळी घेऊन तिच्या घरीच गेले, कारण मिल त्या दिवशी बंद होती. दुपारची वेळ. ती उंबऱ्यात बसून नळीत श्वास सोडत होती, डोळे मिटलेले. पहिल्यांदाच ती इतरांसारखी सैल पडली होती. मी बाजूला बसून पेंगत होते. नात अंगणात वाटीनं माती उकरत होती. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. सगळी गल्ली उठली. घागरी, बादल्या, पाइप, माणसं एकाच दिशेनं धावली. सून दोन घागरी घेऊन धावली. आणि तिच्या मागोमाग ती पोर, वाटी हातात घेऊन, थेट रस्त्याकडं. टँकर रिव्हर्समध्ये मागं येत होता.

मला काय होतंय हे कळेपर्यंत शेजारचा उंबरा रिकामा होता. नळी खाली पडून फुटली. ती बाई धावत होती. पदर कुठं, चप्पल कुठं. लोकांमधून वाट काढत तिनं पोरीला उचललं आणि छातीशी धरून भिंतीला टेकली. पोर आधी घाबरून रडली, मग या नव्या माणसाच्या तोंडावरून हात फिरवायला लागली. नाक, डोळे, ओठ. बाईचा श्वास फुलला होता, पण छाती वाजत नव्हती. ती पोरीच्या केसांत तोंड घालून उभी राहिली. टँकर रिकामा होऊन गेला तरी तशीच. सून भरल्या घागरी खाली ठेवून लांबूनच बघत होती. जवळ गेली नाही. मीही गेले नाही.

फुटलेल्या नळीचं मी मॅडमना सांगितलं. त्यांनी त्या दिवशीच्या नोंदीपुढं 'तपासणी अपुरी' असं लिहिलं आणि बराच वेळ हसल्या.

त्या वर्षी पुढं पाऊस झाला, इतका झाला की धरण भरलं. अभ्यास संपला, यंत्रं दुसऱ्या गावी गेली. मी नांदेडला परतले. पुढच्या थंडीत त्या पेंटर भावाचा फोन आला. त्याच्या पाहुण्यांच्या रानात हुरडा होता, बहीण बोलावतेय म्हणाला. जिल्ह्याचं काय झालं, विचारलं, तर म्हणाला, "फाइल वर हाय."

मी गेले. ज्वारी छातीएवढी उभी होती. शेताच्या बांधावर आगटी पेटवली होती, कणसं भाजत होती, कुणी तरी ती हातावर चोळून गरम दाणे पुढं सरकवत होतं. बाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती, तिच्या तोंडात एकेक दाणा घालत. वारा फिरला आणि धूर आमच्या अंगावर आला. आम्ही दोघी एकाच वेळी खोकलो. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

"उठा ताई," ती म्हणाली, "वाऱ्याच्या वरल्या अंगाला बसू."

तिनं पोरीला कडेवर घेतलं, मी दाण्यांचं ताट उचललं, आणि आम्ही पलीकडं जाऊन बसलो.